उडणाऱ्या हिरोचा दोर पुसताना

ताई,

मी २६ वर्षांची, डोंबिवलीची. बी.कॉम. झाल्यावर कर्ज काढून व्हीएफएक्सचा, म्हणजे सिनेमातल्या दृश्य परिणामांचा कोर्स केला आणि गेली चार वर्षं अंधेरीच्या एका स्टुडिओत रोटो आणि पेंटचं काम करते. आमच्याकडे येणारे बहुतेक शॉट परदेशी सुपरहिरोपटांचे असतात. सोपं करून सांगायचं तर हिरो आकाशात उडतो तेव्हा त्याला बांधलेले दोर एकेक फ्रेम करून मी पुसते. मागे एक सिनेमा लागला तेव्हा आईबाबांना हौसेने घेऊन गेले. सिनेमा संपल्यावर आम्ही तिघं नावांची यादी बघत बसून राहिलो. कंपनीचं नाव आलं, खाली काही जणांची नावं आली, माझं नव्हतं. बाबा म्हणाले, ‘भर्रकन गेलं असेल, आपलंच लक्ष नसेल.’ बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून मशिनिस्ट म्हणून रिटायर झालेत.

सध्या शॉट क्लायंटला द्यायची तारीख जवळ आल्यामुळे रोज रात्रीचे अकरा-बारा वाजतात. गाडी चुकली की अंधेरीतच मैत्रिणीकडे झोपते. जादा तासांचे पैसे नाहीत. पिझ्झा मागवतात आणि लीड म्हणतो, ‘यू गाईज आर अवर सुपरहिरोज.’ मनगट दुखतं. धाकटा भाऊ म्हणतो, एआय तुझं काम खाणार. मावशीने आणलेल्या स्थळाने विचारलं, ‘म्हणजे नक्की करता काय?’ मला धड सांगताही आलं नाही. जग वाचवणाऱ्यांच्या सिनेमात माझ्यासारखीच्या कामाला किंमत काय? हे सोडून बँकेच्या परीक्षा द्याव्यात का?

— दोर पुसणारी

प्रिय मैत्रिणी,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भर. राजीनामा मात्र आत्ता देऊ नकोस. आयबीपीएसच्या क्लार्क परीक्षेला खुल्या गटात वयाची अट २८ पर्यंत आहे, पीओच्या (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षेला ३० पर्यंत. म्हणजे तुझ्या हातात थोडा वेळ आहे. महिनोन् महिने झोप पुरी होत नसेल तर जगातलं कुठलंही काम नकोसं वाटतं, त्यामुळे हे काम तुला खरोखरच नको आहे की तुला फक्त झोप हवी आहे, हे आज तुलाही सांगता येणार नाही.

तुझ्या पत्रात दोन दुखणी एकमेकांत गुंतली आहेत. माझं काम क्षुल्लक आहे का, हे एक. आणि ते काम करताना मला जसं वागवलं जातं ते असंच असतं का, हे दुसरं. ही दोन्ही सुटी करून बघितली पाहिजेत, कारण पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात शोधायला गेलं की माणूस स्वतःलाच कमी लेखायला लागतो. तू तेच करते आहेस.

आधी कामाचं बोलू. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम. चार सेकंदांचा शॉट म्हणजे ९६ चित्रं. हिरो निळ्या पडद्यासमोर दोरांवर लटकलेला आहे, मागे केप फडफडते आहे. त्याला पार्श्वभूमीपासून सोडवायचं, म्हणजे रोटो करायचं, तर एका आकारात भागत नाही. दंड वेगळा, मनगट वेगळं, प्रत्येक बोट वेगळं, केपची प्रत्येक घडी वेगळी, आणि केस तर विचारूच नये. हात वेगाने फिरला की त्याची कड धूसर होते आणि ती तशीच धूसर धरावी लागते, नाहीतर तो हिरो कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. दोर पुसायचा म्हणजे नुसता खोडायचा नसतो. दोराच्या मागे जे असायला हवं होतं ते तुला तयार करावं लागतं. तो केपवरून गेला असेल तर कापडाची घडी, गालावरून गेला असेल तर कातडी. ती दुसऱ्या फ्रेममधून उचलायची, रंग जुळवायचा, उजेड जुळवायचा, चित्रातला बारीक दाणा, म्हणजे ग्रेन, जुळवायचा आणि पुढच्या फ्रेममध्ये ती जागेवरून हलणार नाही हे बघायचं. एका फ्रेममध्ये जरी दोर राहिला, तरी प्रेक्षकाला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी लुकलुकल्याचं कळतं आणि उडणारा माणूस तत्क्षणी लटकलेला माणूस होतो. हे तुझ्या हातचं काम आहे. त्याला नजर लागते, चिकाटी लागते आणि हाताला वळण लागतं, आणि हे तिन्ही कोर्स करून येत नाही. चार वर्षांत ते तुझ्याकडे आलं आहे.

या कामाची वंशावळ तुला माहीत असावी असं मला वाटतं, कारण कोर्समध्ये सॉफ्टवेअर शिकवतात, हे शिकवत नाहीत. १९१७ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘लंकादहन’मध्ये हनुमान उडवला. हनुमान हा आपल्या लोकांचा शेकडो वर्षांचा सुपरहिरो, आणि तो पडद्यावर उडताना बघायला माणसं लोटली. पण फाळक्यांच्या घरात कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायला, फिल्म धुवायला कोण होतं? सरस्वतीबाई. शिवाय सगळ्या युनिटचा स्वयंपाक त्यांच्याकडेच. चित्रीकरणात उजेड परतवायला पांढरी चादर धरून उन्हात उभं राहायचं तेही त्यांनीच. दादासाहेबांचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे. सरस्वतीबाईंचं नाव अगदी अलीकडे लोक घ्यायला लागले.

त्याच १९१७ साली तिकडे अमेरिकेत मॅक्स फ्लायशर यांना रोटोस्कोपचं पेटंट मिळालं. चित्रित केलेल्या माणसावरून एकेक फ्रेम गिरवायची, ही ती युक्ती. तू दिवसभर स्टायलस धरून जे करतेस त्याचं मूळ तिथे आहे. याच फ्लायशरांच्या स्टुडिओने १९४१ मध्ये सुपरमॅन पहिल्यांदा पडद्यावर आणला. आणि या दोन्हींच्या मधे, १९३७ च्या मे महिन्यात, त्याच स्टुडिओतल्या चित्रकारांनी पगार, कामाचे तास आणि युनियनला मान्यता यांसाठी न्यूयॉर्कमध्ये संप केला. तो ऑक्टोबरपर्यंत चालला. रोटो, सुपरहिरो आणि रात्री उशिरापर्यंत बसणारा कामगार हे तिघं एकाच छपराखाली राहत आले आहेत. तुझी तक्रार नवी नाही आणि ती केल्याने तुझं कामावरचं प्रेम कमी ठरत नाही.

आता दुसरं दुखणं, आणि इथे मला तुझ्या बाबांबद्दल बोलायचं आहे. त्यांनी जन्मभर मशीनवर जे भाग कातले त्यांतल्या एकावरही त्यांचं नाव नसेल. तपासणीचा शिक्का असेल, बॅच नंबर असेल, नाव नाही. ते त्यांना सलत असेल की नाही मला ठाऊक नाही, एकदा विचारून बघ. पण त्या बिननावाच्या कामावर त्यांनी डोंबिवलीत घर केलं आणि तुला शिकवलं, ते कशामुळे? १९४८ चा फॅक्टरी कायदा होता. आठवड्याला ४८ तास, त्यावर थांबवलं तर दुप्पट दराने पैसे. पीएफ होता, युनियन होती, आणि पाळी संपल्यावर भोंगा होत होता. भोंगा झाल्यावर थांबायचं तर ते हजेरीत लिहिलं जायचं. तुझ्याकडे भोंगा नाही. म्हणून तुला असं वाटतं की आपल्याला नाव मिळालं असतं तर हे सगळं सोसता आलं असतं. मला तसं वाटत नाही. नाव मिळालं असतं तरी तुझी गाडी चुकलीच असती.

रात्र का होते, याचं कारणही समजून घे, म्हणजे आपण सावकाश काम करतो म्हणून उशीर होतो हा अपराधीपणा जाईल. स्टुडिओ काम घेतो तेव्हा शॉट बघून मॅनडेज, म्हणजे किती माणसांचे किती दिवस लागतील ते, मोजतो आणि आकडा देतो. सौदा त्या आकड्यावर पक्का होतो. पुढे क्लायंटचं मन बदलतं. नवा कट येतो, शॉट लांबतो, आधी मागे असलेली इमारत पुढे येते. नोट्सवर नोट्स येतात. पुष्कळदा आकडा तोच राहतो. वाढलेलं काम कुणाच्या तरी पदरात टाकावं लागतं आणि ते साखळीच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे रोटो-पेंटच्या टेबलावर येऊन पडतं. हे फक्त अंधेरीत होतं असं समजू नकोस. ऱ्हिदम अँड ह्यूज हा लॉस एंजेलिसचा नावाजलेला स्टुडिओ, मुंबई आणि हैदराबादलाही त्यांची ऑफिसं होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो दिवाळखोरीत गेला, आणि त्याच महिन्यात त्यांनी काम केलेल्या ‘लाइफ ऑफ पाय’ला दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा बडा समूह कोसळला, एमपीसीसारखा नावाजलेला व्हीएफएक्स स्टुडिओ त्यात गेला आणि भारतातल्या माणसांच्याही नोकऱ्या गेल्या. कामात खोट नव्हती. व्यवहाराचा पायाच डळमळीत होता.

म्हणून माझा पहिला सल्ला कागदांचा आहे. नियुक्तिपत्र, दर महिन्याची पगाराची स्लिप, वार्षिक वाढीची पत्रं, हे सगळं ऑफिसच्या मेलवर न ठेवता स्वतःच्या मेलवर आणून ठेव. शॉट, स्क्रीनशॉट यांना मात्र हात लावू नकोस, ते गोपनीयतेच्या करारात येतात. पीएफचं पासबुक ईपीएफओच्या साइटवर उघडून बघ. पगारातून कापलेली रक्कम आणि कंपनीचा वाटा दर महिन्याला खरंच जमा होतोय का, ते तिथे दिसेल. चार वर्षं झालीत, तर ग्रॅच्युइटीचाही विचार कर. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की तिचा हक्क लागू होतो. तुला दर वर्षी नवा मुदतीचा करार देत असतील, तर नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी आहे. काही महिन्यांसाठी हा पैसा सोडून जाऊ नकोस. तुझं शैक्षणिक कर्ज अजून फिटायचं असेल तर जास्तच.

आता त्या ‘सुपरहिरोज’बद्दल. तुझा लीड वाईट माणूस असेल असं मी म्हणत नाही. त्याच्यावरही डिलिव्हरीची तारीख आहे आणि त्याला बहुधा खरंच तुमचं कौतुक वाटतं. तरीही हे कौतुक तू स्वीकारू नयेस असं मला मनापासून वाटतं. सुपरहिरोला झोप लागत नाही, भूक लागत नाही, तो भाडं भरत नाही आणि त्याला शेवटची कसारा गाडी पकडायची नसते. एकदा माणसाला सुपरहिरो म्हटलं की त्याच्या मनगटाचं दुखणं विचारायची गरज उरत नाही. करोनाच्या काळात आशा सेविकांना आपण सगळ्यांनी कोविड योद्ध्या म्हटलं, टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. जून २०२१ मध्ये त्याच आशांना मानधनासाठी महाराष्ट्रभर संपावर जावं लागलं. त्या उतरल्या तेव्हा कुठे मानधनात वाढ मिळाली. टाळ्यांवर रेशन येत नाही हे त्यांनी आपल्याला दाखवून दिलं आणि मला त्यांचा फार अभिमान आहे.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. फॅक्टरीतल्या बाबांसाठी जसा कायदा होता तसा ऑफिस आणि स्टुडिओतल्या माणसांसाठी महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायदा आहे, २०१७ चा. त्यात आठवड्याला ४८ तास, त्यापुढच्या कामाला दुप्पट दर, आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी, आणि सुटीच्या दिवशी बोलावलं तर बदली सुटी. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, आणि तिच्या सुरक्षिततेची व घरी पोचवण्याची सोय कंपनीने करायची. मैत्रिणीकडे झोपणं ही सोय तू केलीस. ती कंपनीने करायला हवी होती. व्यवस्थापकीय पदावरच्यांना हा कायदा लागू नाही, पण तू माणसं सांभाळत नाहीस, तू तांत्रिक काम करतेस. नियुक्तिपत्रावर तुझं पद ‘आर्टिस्ट’ असं गोड लिहिलेलं असलं तरी कायद्याच्या दृष्टीने तू कामगार आहेस, आणि त्यात कमीपणा नाही. अगदीच गळ्याशी आलं तर वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन आहे, तिथे कामगार आयुक्तांकडे तक्रार करता येते. पण मी तुला आज तिथे पाठवत नाहीये. तिथे जायच्या आधी करण्यासारखं बरंच आहे.

आजपासून एक वही घाल. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, शॉटचा नुसता क्रमांक, आणि रिटेक कुणाच्या नोटमुळे आला ते. एवढंच. रागाच्या भरात लिहिलेलं काही त्यात नको. महिनाअखेरीस ती वही तुझ्या बाजूने बोलेल. मॅनेजरसमोर ‘खूप उशीर होतो’ म्हणणं आणि ‘या महिन्यात इतके तास जादा झाले, त्यातले इतके क्लायंटने कट बदलल्यामुळे’ म्हणणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या वाक्याने त्याचाही फायदा होतो, कारण पुढच्या कामाचा आकडा (बिड) देताना त्याला तोच आकडा क्लायंटपुढे ठेवता येतो. समजूतदार मॅनेजर असेल तर तो तुझे आभार मानेल.

एकटी जाऊ नकोस. तुझ्या रांगेत बसणाऱ्या दोघीतिघींना विचार, त्यांचीही गाडी चुकत असणार. अमेरिकेत मार्व्हलच्या थेट नोकरीत असलेल्या व्हीएफएक्स कामगारांनी सप्टेंबर २०२३ मध्ये युनियनसाठी मतदान घेतलं आणि एकही मत विरोधात पडलं नाही. ज्यांच्या हातून सगळ्यात बलवान हिरो घडतात त्यांनाही आपल्या हक्कांसाठी एकमेकांचा हात धरावा लागला. आपल्याकडे या धंद्यात तशी ताकदवान संघटना अजून उभी राहिलेली नाही, म्हणून तिघीजणींनी मिळून लिहिलेल्या एका साध्या मेलचंही वजन जास्त आहे.

नावाचं म्हणशील तर ते तू मागावंस. ते मागणं लहान नाही. सुपरमॅन ज्यांनी घडवला त्या जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये १३० डॉलरला त्याचे हक्क विकले. दोघंही साध्या कष्टकरी स्थलांतरितांची मुलं, एकाचे वडील शिंपी. पुढे त्यांची नावं छापणंही बंद झालं. ती परत मिळाली १९७५ मध्ये, वर्षाला २० हजार डॉलरच्या निवृत्तिवेतनासकट, आणि ती मिळाली कारण तोवर इतर व्यंगचित्रकार त्यांच्यासाठी उघडपणे उभे राहिले होते. तुझ्या बाबतीत गोष्ट एवढी मोठी नाही, बहुतेक वेळा ती कारकुनी असते. मूळ निर्मात्याकडून प्रत्येक स्टुडिओला ठरावीक जागा मिळतात, स्टुडिओ आपली यादी कित्येक महिने आधी पाठवतो आणि त्यात पुष्कळदा ज्येष्ठांची नावं आधी लागतात. म्हणून सिनेमा लागेपर्यंत थांबू नको. शॉट फायनल होत आले की प्रॉडक्शन कोऑर्डिनेटरला लेखी विचार, ‘क्रेडिटची यादी कधी जाते आहे, आणि माझं नाव त्यात आहे का?’ या खेपेला नाही बसलं तर पुढच्या सिनेमात आधी धरा, असंही लिहून टाक. न मागणाऱ्याचं नाव गाळणं सगळ्यात सोपं असतं.

मनगटाला हयगय नको. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना लगेच दाखव, मलम चोळत बसू नकोस. टॅब्लेट कोपराच्या उंचीला आण. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघ, डोळ्यांसाठी. हा हात तुझं भांडवल आहे आणि बँकेत गेलीस तरी तो लागणारच आहे.

भाऊ म्हणतो त्यात तथ्य आहे, त्याला उडवून लावू नकोस. न्यूक या शॉट जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२१ पासून कॉपीकॅट हे एआयचं साधन आहे. त्याला काही फ्रेम करून दाखवल्या की बाकीच्या तो स्वतः करतो. साधा, स्वच्छ उजेडातला, हळू चालणारा माणूस आता यंत्र बऱ्यापैकी सोडवतं. मोकळे केस, पावसातली केप, धूसर हात, दोन माणसांची झटापट इथे ते अजून गडबडतं आणि ती गडबड कुठे झाली हे ओळखणारी नजर लागते. ती नजर तुझ्याकडे आहे. पण केवळ रोटोवर पुढची दहा वर्षं काढता येतील असं मी तुला सांगणार नाही, कारण तसं मला वाटत नाही. पेंटमधून प्रेप (शॉट साफ करून पुढच्या कामासाठी तयार करणं) आणि प्रेपमधून कॉम्पोझिटिंग किंवा कॉम्प (सगळे थर जोडून अंतिम चित्र करणं), ही वाट तुझ्यासाठी सरळ आहे. क्लीन प्लेट, म्हणजे नको ते पुसलेली पार्श्वभूमी, करणारीला कॉम्पचा अर्धा विचार आधीच कळलेला असतो. न्यूकची बिगरव्यावसायिक आवृत्ती मोफत मिळते, थ्रीडीचं ब्लेंडर तर पूर्णच मोफत आहे.

आणि कामाचे नमुने दाखवणारी रील स्वतःच्या शॉटची कर, म्हणजे गोपनीयतेचा प्रश्नच येणार नाही. रविवारी गच्चीत जा. कपडे वाळत घातलेल्या दोरीसमोर भावाला उभा कर, फोन हातात धरून जरा हलवत शूट कर, मागे डोंबिवलीची गर्दी, पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या येऊ देत. मग ती दोरी पूस आणि कपडे तसेच हवेत राहू देत. आधी आणि नंतर असे दोन्ही शॉट शेजारी ठेव. पंधरा सेकंदांचा हा तुकडा कुठल्याही कॉम्प सुपरवायझरला पुरेसा बोलका आहे. पुढच्या स्थळाने ‘नक्की करता काय?’ विचारलं तर तोच फोन त्याच्या हातात दे. बघून त्याला प्रश्न पडले तर माणूस बोलण्यासारखा आहे. आणि हो, आईबाबांना तो सगळ्यात आधी दाखव. मशीनवर आयुष्य काढलेल्या माणसाला दोरी गेली तिथे मागच्या टाकीची कड कशी जुळवली, हे तुझ्या लीडपेक्षा जास्त कळेल अशी माझी खात्री आहे.

बँकेचं पुन्हा एकदा. ते सुरक्षित आहे, पगार वेळेवर आहे, डोंबिवलीहून जवळची शाखा मिळाली तर आयुष्य सुधारेल. पण मार्चएंडला बँकेतही रात्र होते आणि काउंटरवर उभ्या माणसाचे टोमणे असतात, हेही धरून चाल. अभ्यास सुरू कर, एक प्रयत्न दे. तोवर इथे दोन गोष्टी घडतात का ते बघ: जादा तासांचा काही हिशेब लागतो का, आणि तुला प्रेपचे शॉट मिळायला लागतात का. दोन्ही घडलं तर परीक्षेचा निकाल काहीही लागो, तुला निवड करता येईल. दोन्हींपैकी काहीच घडलं नाही, तर बिनधास्त सोड, मग बँकेत जा किंवा दुसऱ्या स्टुडिओत. त्या वेळी तू कामाला कंटाळून पळून गेलीस असं कुणीही म्हणू शकणार नाही, तू स्वतःसुद्धा.

वही एक महिना भरली की मेल टाक. मॅनेजर आणि एचआर दोघांना, ऑफिसच्या पद्धतीप्रमाणे इंग्रजीत, मजकूर साधारण असा: ‘या महिन्यात अमुक शॉटवर ठरलेल्या वेळेपेक्षा इतके तास जादा काम झाले. तपशील सोबत जोडला आहे. याचा मोबदला किंवा बदली सुटी कशी मिळेल ते कृपया कळवावे. रात्री साडेनऊनंतर थांबावे लागल्यास घरापर्यंतच्या गाडीची व्यवस्था व्हावी. पुढच्या प्रोजेक्टमध्ये मला प्रेपचे शॉट मिळावेत अशी विनंती आहे.’ नम्रपणे, ‘पण’ आणि ‘परंतु’ न घालता, आणि ‘सॉरी टू बॉदर’ तर अजिबात न लिहिता. उत्तर तोंडी मिळालं तर त्याच दिवशी ‘आज बोलणं झालं त्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून ते उत्तर पुन्हा मेलवर टाक. काय झालं ते मला लिही, आणि नकार आला तर त्या मेलसकट लिही, म्हणजे पुढे काय करायचं ते मिळून ठरवू.

तुझी ताई